फिलिप्पीचे निवृत्त सैनिक आणि एका कैद्याचं पत्र

महूहून बोलतोय. मागच्या दोन भागांत आपण रोमन लीजनची रचना, त्यांचा पगार आणि निवृत्तीनंतर मिळणारी जमीन याबद्दल बोललो. त्यावर हैदराबादच्या एका बाईंनी प्रश्न पाठवला. त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्या घरातला तरुण मुलगा अपघातात गेला. भेटायला आलेल्या कुणीतरी त्या आईला म्हटलं, आनंद करा, दुःखातही आनंद करा असं पौलाने सांगितलंय. बाईंना ते फार लागलं. त्या विचारतात, "कर्नलसाहेब, हे असं कसं सांगता येतं? दुःख चांगलं असतं असं या लोकांना वाटतं का?"

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरातला आहे, इतिहास घेऊन बी. ए. केलं आणि मग फौजेत गेलो. धर्मशास्त्र हा माझा प्रांत नाही. पण हा पौल कोण, हे त्याने कुठून लिहिलं, कुणाला लिहिलं, आणि ज्यांना लिहिलं ते लोक कोण होते, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. शिवाय ते लोक आपल्या माहितीचे आहेत. मागच्या भागात ज्या निवृत्त शिपायांना जमिनी वाटल्या, त्यांचीच ती नातवंडं-पतवंडं. म्हणून ठरवलेला विषय बाजूला ठेवून आज हा घेतो.

नकाशात ग्रीसच्या उत्तरेला कवाला नावाचं बंदर आहे. त्याचं जुनं नाव नेआपोलिस. तिथून डोंगर ओलांडून सुमारे पंधरा किलोमीटर आत गेलं की फिलिप्पीचे अवशेष लागतात. २०१६ साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. गाव मूळचं क्रेनिदेस, म्हणजे झऱ्यांचं. इ.स.पू. ३५६ मध्ये अलेक्झांडरच्या बापाने, दुसऱ्या फिलिपने, ते घेतलं आणि स्वतःचं नाव दिलं. कारण सरळ होतं, जवळच्या डोंगरात सोन्याच्या खाणी होत्या.

पण आपल्याला हवी ती तारीख इ.स.पू. ४२ ची. ज्युलियस सीझरचा खून करणारे ब्रुटस आणि कॅसियस एका बाजूला, त्याचा सूड घेणारे अँटनी आणि ऑक्टेव्हियन दुसऱ्या बाजूला. याच गावाच्या पश्चिमेच्या मैदानात ऑक्टोबर महिन्यात वीसेक दिवसांच्या अंतराने दोन लढाया झाल्या. दोन्हीकडे प्रत्येकी पंधराहून जास्त लीजन. पहिल्या लढाईत कॅसियसला वाटलं की ब्रुटसही हरला. खरं तर ब्रुटसने आपली बाजू मारली होती. चुकीच्या बातमीवर कॅसियसने जीव दिला. (मी शिकवायला होतो तेव्हा लढाईतल्या निरोपांच्या महत्त्वाबद्दल बोलताना हे उदाहरण हमखास द्यायचो.) दुसऱ्या लढाईनंतर ब्रुटसने स्वतःच्या तलवारीवर अंग टाकलं. म्हणजे हरलेल्या शिपायाने तलवारीने स्वतःचा शेवट करावा, हा त्या गावच्या मातीतला इतिहास. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लढाई संपल्यावर जिंकलेल्यांनी आपले निवृत्त सैनिक तिथेच वसवले. दहाबारा वर्षांनी अँटनीला हरवून ऑक्टेव्हियन एकटा धनी झाला, पुढे ऑगस्टस म्हणवू लागला, आणि त्याने आणखी लोक आणून बसवले. फिलिप्पी ही रोमन वसाहत झाली. ग्रीक मुलखात, पण कायदा रोमचा, जमिनीला इटलीसारखी करमाफी, दगडांवर कोरलेली भाषा बहुतेक लॅटिन. तिथल्या एका जातीच्या तांब्याच्या नाण्यांवर तीन ध्वज आणि प्रेटोरियन तुकडीचं नाव आहे. प्रेटोरियन म्हणजे बादशहाची खास फौज. आपल्याकडे पेशव्यांची हुजरात असायची, तसं समजा.

अशा गावात इ.स. ५० च्या सुमारास पौल आला. जन्माने यहुदी, गाव तार्सस, धंद्याने तंबू शिवणारा, आणि रोमन नागरिक. एके काळी येशूच्या अनुयायांना पकडून तुरुंगात टाकणारा, आता त्याच येशूचा प्रचारक. बरोबर सीला नावाचा साथीदार. ही हकिकत नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सोळाव्या अध्यायात आहे. फौजी माणसाने तो अध्याय मुद्दाम वाचावा, कारण त्यातला तपशील अगदी आपल्या ओळखीचा आहे.

गावात प्रार्थनेला जमण्याइतके यहुदी पुरुष नसावेत, कारण पौल गेला तो वेशीबाहेर नदीकाठी, आणि तिथे जमल्या होत्या बायका. त्यांत लुदिया नावाची, जांभळ्या किमती कापडाचा व्यापार करणारी बाई. ती पहिली अनुयायी. तिच्या घरी ही मंडळी उतरली. इथपर्यंत कुणाला काही त्रास नव्हता.

त्रास सुरू झाला तो पैशावरून. गावात एक दासी होती, तिच्या अंगात यायचं आणि ती भविष्य सांगायची. मिळकत अर्थात तिच्या मालकांची. पौलाने तिला त्या झपाटण्यातून सोडवलं. मालकांचा धंदा बसला. त्यांनी पौल आणि सीला यांना चौकात ओढत नेलं. पण तक्रार काय केली? आमची कमाई बुडाली असं म्हणाले नाहीत. म्हणाले, हे यहुदी आहेत, गावात गोंधळ घालतात आणि आम्हा रोमनांना न शोभणारे रिवाज शिकवतात. निवृत्त सैनिकांच्या गावात लोकांना पेटवायचं तर काय बोलावं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. जमाव उठला. अधिकाऱ्यांनी चौकशी न करता दोघांचे कपडे फाडायला लावले आणि चोपदारांकडून छड्यांनी झोडपलं. मग तुरुंगात, तेही आतल्या कोठडीत, पाय लाकडी खोड्यात अडकवून. अधिकाऱ्याला ताकीद दिली, नीट सांभाळ.

आणि मध्यरात्रीच्या सुमाराला ते दोघे प्रार्थना करत होते, देवाची गाणी गात होते. हे लिहिणाऱ्याने पुढे एक लहानसं वाक्य टाकलंय, की बाकीचे कैदी ऐकत होते.

या वाक्यापाशी मी दर वेळी अडकतो. का, ते सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात मी कॅप्टन होतो, पोस्टिंग नागालँडमध्ये. जीप दरीच्या कडेला उलटली आणि माझी मांडी मोडली. लष्करी इस्पितळात दीड महिना पडून होतो. अधिकाऱ्यांचा वॉर्ड वेगळा असतो, पण त्या जुन्या इमारतीत आमच्या आणि जवानांच्या वॉर्डमध्ये प्लायवूडची भिंत होती, तीही छतापर्यंत न गेलेली. पलीकडे एक मिझो लान्सनायक होता. सुरुंगाने त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता. रात्री दोन-अडीचला तो गायचा. मोठ्याने नाही, पण रात्रीच्या शांततेत सगळं ऐकू यायचं. चर्चमधली गाणी असावीत, चालीवरून कळायचं. मला वेदना होत्या, झोप नव्हती, आणि मी अठ्ठावीस वर्षांचा कॅप्टन होतो. चौथ्या रात्री सिस्टरला बोलावलं आणि म्हटलं, त्याला गप्प करा. तिने जाऊन सांगितलं. तो गप्प झाला.

सकाळी पलीकडून एक हरियाणवी जवान, पोटात गोळी लागलेला, चाकाच्या खुर्चीवरून माझ्या दाराशी आला. म्हणाला, "साहब, कल रात वो गाया नहीं. वॉर्ड में कोई सोया नहीं."

पुढचं नंतर सांगतो.

तर फिलिप्पीत त्या रात्री भूकंप झाला. दारं उघडली, साखळ्या निखळल्या. तुरुंगाचा अधिकारी जागा झाला, उघडी दारं बघितली आणि तलवार उपसून स्वतःला मारायला निघाला. भूकंप चमत्कार होता की नाही हा वाद मी करणार नाही. त्या मुलखात भूकंप होतात. मला त्या माणसाची तलवार जास्त दिसते. रोमन रिवाजात कैदी निसटला तर पहारेकऱ्याच्या जिवावर बेतायचं. याच पुस्तकात आधी पेत्र तुरुंगातून सुटला तेव्हा हेरोद राजाने पहारेकऱ्यांना मारायला लावल्याची नोंद आहे. गाव निवृत्त सैनिकांचं, म्हणून हा अधिकारीही जुना शिपाईच असावा असा माझा कयास. कोर्टमार्शलची वाट बघण्यापेक्षा आपणच शेवट करून घ्यावा. कॅसियसने तेच केलं होतं, ब्रुटसनेही, आणि तेही याच गावाबाहेर. कॅसियसने तर चुकीच्या बातमीवर. हाही चुकीच्या बातमीवरच निघाला होता, कारण एकही कैदी पळाला नव्हता. पौल अंधारातून ओरडला, स्वतःला इजा करू नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत.

विचार करा. ज्याने संध्याकाळी याचे पाय खोड्यात ठोकले, त्याच्या जिवाची काळजी याला पडली आहे. पाठ छड्यांनी सोललेली असताना. मी माझ्या नोकरीत धाडसी माणसं पुष्कळ पाहिली. मार खाऊन हूं न करणारी पाहिली. पण वेदना अंगावर असताना समोरच्याचा जीव दिसणं, ही वेगळी गोष्ट आहे. आम्ही ज्याला जोश म्हणतो तो स्वतःला उभं ठेवण्यापुरता असतो. या माणसाकडे स्वतःला पुरून उरेल असं काहीतरी होतं.

त्या अधिकाऱ्याने दोघांना घरी नेलं, जखमा धुतल्या, जेवू घातलं, आणि त्याच रात्री घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतला.

आता सकाळ. आणि हैदराबादच्या बाईंना माझी विनंती आहे, की रात्रीच्या गाण्याबरोबर ही सकाळही नीट ऐका, कारण सांत्वन करणारे लोक ही सकाळ नेमकी विसरतात.

अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवले, त्या माणसांना सोडून द्या म्हणून. प्रकरण गुपचूप मिटवायचं होतं. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत. चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत झोडपलं, आणि आता चोरून बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. हे ऐकून अधिकाऱ्यांचं धाबं दणाणलं. रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणं हा गंभीर गुन्हा होता. त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी सिसेरोने सिसिलीच्या सुभेदाराला कोर्टात खेचलं होतं, त्यातला एक मोठा आरोप हाच, की त्याने एका रोमन नागरिकाला फटके मारून वधस्तंभावर चढवलं. वसाहतीचे अधिकारी धावत आले, विनवण्या केल्या आणि त्यांना बाहेर नेलं.

मार खाण्याआधीच नागरिक असल्याचं का सांगितलं नाही, हे पुस्तकात नाही. गोंधळात कुणी ऐकलं नसेल. सकाळचा हट्ट मात्र मला स्वतःच्या मानापानाचा वाटत नाही. पौल त्याच दिवशी गाव सोडणार होता. मागे लुदियाचं घर राहणार होतं, हा तुरुंगाधिकारी राहणार होता. ज्यांच्या पाहुण्यांची अधिकाऱ्यांना माफी मागावी लागली, त्यांच्या वाटेला लोक जरा विचार करून जातात.

म्हणजे रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच आहे. वेदनेत आनंद सापडणं म्हणजे अन्याय गोड मानणं, असं त्याने समजलं असतं तर तो चोपदारांचे आभार मानून मागच्या दाराने गेला असता.

यानंतर दहा-बारा वर्षं गेली. त्या काळात त्याने आणखी मार खाल्ला, जहाज फुटलं. शेवटी बादशहाकडे न्याय मागून तो रोमला पोचला, इ.स. ६० च्या आसपास. तिथे दोन वर्षं भाड्याच्या घरात कैदेत होता, पहाऱ्याला शिपाई, हाताला साखळी. परंपरेप्रमाणे इथूनच त्याने फिलिप्पीला पत्र लिहिलं. काही अभ्यासक म्हणतात पत्र इफिससच्या किंवा कैसरियाच्या कैदेतलं आहे. मला रोम पटतं, पण बेड्या तिन्ही ठिकाणी होत्याच.

रोममध्ये कैद्याला सरकारी लंगर नसतो. नातलगांनी, मित्रांनी पोसायचं. फिलिप्पीच्या लोकांनी आपसांत पैसे जमवले आणि एपफ्रदीत नावाच्या माणसाकडून हजार किलोमीटरहून लांब पाठवले. एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला. तो बरा झाल्यावर पौलाने त्याच्याच हाती परतीचं पत्र दिलं. मराठी बायबलमध्ये हे 'फिलिप्पैकरांस पत्र' म्हणून आहे. चार छोटे अध्याय, अर्ध्या तासात वाचून होतात. त्यात आनंद आणि आनंद करणे या अर्थाचे शब्द मूळ ग्रीकमध्ये सोळा वेळा येतात. लिहिणारा साखळीत आहे आणि जगेल की नाही हे त्याला ठाऊक नाही.

आता शिपायाच्या नजरेने बघा. एपफ्रदीतला तो आपला सहसैनिक म्हणतो. फिलिप्पीकरांना म्हणतो, एका रांगेत पाय रोवून उभे राहा. देवाची शांती तुमचं मन राखेल हे सांगताना त्याने जो ग्रीक शब्द वापरलाय तो ठाण्यावर शिबंदी बसवण्याचा आहे. म्हणजे मनावर पहारा. आणि लिहिणाऱ्याच्या शेजारी पहाऱ्यावर खरा शिपाई बसलेला! रोमन नागरिकत्वाचा ज्यांना अभिमान, त्यांना तो म्हणतो की आपलं खरं नागरिकत्व वर स्वर्गात आहे. माझ्या या कैदेमुळे सगळ्या प्रेटोरियन फौजेला कळलंय की मी ख्रिस्तासाठी बेड्यांत आहे, हेही तो आनंदाने कळवतो. पहारे बदलायचे, नवा शिपाई यायचा, आणि तो तरी काय करणार, साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकणार. ज्यांच्या गावच्या नाण्यावर प्रेटोरियन तुकडीचं नाव, त्यांना ही बातमी वाचून काय वाटलं असेल!

पण या आनंदाचा उगम काय? इथे दुसरा एक माणूस शेजारी ठेवून बघतो. त्याच काळात रोममध्ये सेनेका होता, स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ, नीरोचा गुरू. त्याचा भाऊ गॅलियो करिंथचा सुभेदार असताना पौलाला त्याच्यासमोर उभं केलं होतं, इतके हे लोक जवळजवळचे. स्टोइकांची शिकवण अशी की शहाण्या माणसाने बाहेरच्या सुखदुःखाला मनात शिरकाव देऊ नये. आम्हाला अकादमीत जे शिकवतात ते बरंचसं हेच. पौलाने त्यांचाच आवडता शब्द, स्वतःला पुरेसं असणे, या पत्रात उचललाय. मिळालं तरी आणि उपाशी राहिलो तरी राहायला मी शिकलो, असं तो म्हणतो. पण लगेच पुढे म्हणतो, ही ताकद माझी नाही, मला बळ देणाऱ्याची आहे. आणि मन बंद करून तर तो मुळीच बसलेला नाही. एपफ्रदीत मेला असता तर माझ्या दुःखावर आणखी दुःख झालं असतं, असं त्याने मोकळेपणी लिहिलंय. एका ठिकाणी तर रडत रडत लिहितोय असं सांगतो. आनंदाच्या पत्रात डोळ्यांत पाणी आहे. स्टोइकाला ते चाललं नसतं.

मला वाटतं या पत्राची गुरुकिल्ली दुसऱ्या अध्यायात आहे. फिलिप्पीतल्या शिलालेखांत लोक आपली पदं क्रमाने कोरून ठेवत. अमुक लीजन, अमुक हुद्दा, मग नगराचा अमुक अधिकारी. आमच्या कॉलनीत फाटकाबाहेरच्या पाट्या बघा, नावापुढे हुद्दा, पदकं, शेवटी निवृत्त. माझीही तशीच पाटी आहे, नाही कशाला म्हणू. या चढत्या शिडीच्या गावाला पौल एका उतरत्या शिडीची गोष्ट सांगतो. जो देवाच्या बरोबरीचा होता त्याने ते धरून ठेवलं नाही. तो दासाच्या रूपात उतरला, माणूस झाला, मरणापर्यंत गेला, आणि मरणही कसलं, तर वधस्तंभाचं. वधस्तंभ ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. त्याहून खाली पायरी नव्हती.

ख्रिस्ती माणूस दुःखात आनंद म्हणतो तो इथून येतो, असं मला कळलंय. दुःख चांगलं असतं म्हणून नव्हे. माझ्या आधी तो इथे येऊन गेलाय, ही जागा देवाने टाकून दिलेली नाही, आणि त्या वधस्तंभापुढे पुनरुत्थान आहे, म्हणून. पौलाला तर त्याच्या दुःखात वाटेकरी व्हायचंय, म्हणजे त्याच्या सोबतीला राहायचंय. आपल्या खाली पुढे उभा असलेला कमांडर आधी खंदकात उतरलेला असला की जवान काय करतात, हे मला कुणी समजवायला नको. मी हे सगळं मानतो का, असं विचाराल तर मी अजून दाराबाहेर उभा आहे. पण आत काय आहे ते दिसतं.

ही गोष्ट फक्त परदेशातली नाही. पंडिता रमाबाईंचं घ्या. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि बहीण गेली, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायकांना सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल करत बसल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही काम थांबलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. मिशनमधल्या बायकांनी ते स्वतः छापलं. फिलिप्पैकरांस पत्रातला आनंद त्यांनी कोणत्या हाताने मराठीत लिहिला असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. पौलाने आनंद करा म्हटलं हे खरं. पण ते त्याने साखळीत बसून, स्वतःचा मार ज्यांनी डोळ्यांनी पाहिला होता अशा लोकांना, ज्यांनी आपल्या ताटातलं काढून त्याला पाठवलं होतं अशा लोकांना लिहिलं. एकाच खंदकातल्या लोकांचं ते आपसांतलं बोलणं आहे. धडधाकट माणसाने दुसऱ्याच्या मुलाच्या तेराव्या दिवशी खुर्चीत बसून ते म्हणावं यासाठी ते वाक्य नाही. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात याच पौलाने, रडणारे असतील तर त्यांच्याबरोबर रडा असं बजावलंय. तुमच्या शेजारणीकडे जाणार असाल तर हे दुसरं घेऊन जा. पहिलं कधी म्हणायचं ते त्या आईच्या हातात राहू द्या. कधीच म्हणाल्या नाहीत तरी आपण कोण बोलणारे?

फिलिप्पीकरांचं उत्तर काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. नीरोच्या काळात पौलाला रोममध्ये तलवारीने मारलं असं परंपरा सांगते. पण फिलिप्पीतली मंडळी टिकली. पुढच्या शतकात इग्नेशियस नावाच्या बिशपला साखळदंडात रोमकडे नेत होते, तेव्हा वाटेत फिलिप्पीच्या लोकांनी त्याची सोय केली. चौथ्या शतकात तिथे पोर्फिरिओस नावाच्या बिशपने पौलाच्या नावाच्या प्रार्थनामंदिरात रंगीत दगडांची फरशी घातली. त्याचं नाव असलेला तो लेख उत्खननात सापडला आहे. अवशेषांत पौलाचा तुरुंग म्हणून एक कोठडी दाखवतात, पण ती मुळात रोमन पाण्याची टाकी असावी असं पुरातत्त्ववाले सांगतात. ते पत्र पहिल्यांदा मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा ऐकायला कोण कोण असेल? लुदिया असेल, जिवंत असेल तर. आणि तो तुरुंगाधिकारी, आता म्हातारा, मागे कुठेतरी भिंतीला टेकून. पौल पुन्हा बेड्यांत आहे हे ऐकताना त्याला जखमा धुतलेली ती रात्र आठवली असेल. हा माझा कल्पनाविलास, पण मला तो माणूस सगळ्यांत जवळचा वाटतो. कारण मीही भिंतीच्या त्याच बाजूला होतो.

त्या दिवशी कुबड्या घेऊन मी पलीकडच्या वॉर्डात गेलो. लान्सनायक उठून बसायला लागला, मी नको म्हटलं. एवीतेवी पाय नसलेल्या माणसाने मला सॅल्यूट करावा हे मला सहन झालं नसतं. विचारलं, इतक्या रात्री का गातोस, दुखत नाही का? तो म्हणाला, "दर्द तो बहुत है साहब. उसी टाइम ज्यादा होता है." मग थोडं थांबून म्हणाला, "अकेला लगता है तो गाता हूँ. गाता हूँ तो अकेला नहीं लगता."

मी त्याची माफी मागितली नाही. अठ्ठावीस वर्षांच्या कॅप्टनला ते जमलं नाही. फक्त सिस्टरला सांगितलं की रात्री त्याला गाऊ द्या. त्या रात्री त्याने गायला सुरुवात केली तेव्हा प्लायवूडच्या पलीकडे कुणीतरी खोकलं, कुणाची तरी खाट करकरली, आणि मग सगळं शांत झालं. मी जागाच होतो. एकही शब्द कळत नव्हता. दहा-बारा दिवसांनी त्याला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात हलवलं. मी तेव्हा एक्स-रेला गेलो होतो, परत आलो तर त्याची खाट रिकामी होती.